आबांनी यायचं की बाळानं जायचं

माझा मुलगा आठव्या महिन्यात झाला, सतराशे ग्रॅमचा. तेवीस दिवस तो काचेच्या पेटीत होता. ते तेवीस दिवस मी पेटीशेजारी स्टुलावर बसून त्याची छाती वरखाली होते का, एवढंच बघत होते. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "काही महिने गर्दीत नेऊ नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात धुवायला सांगा. बाकी नेहमीसारखा वाढवा."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही.

मी एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते; तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातला बिघाड बघणाऱ्या बाईला घाबरायला फार काही लागत नाही. त्यात पोर असं कापसात गुंडाळून आणलेलं. सोलापुरात भवानी पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर, वर यायला बाहेरून एक अरुंद लोखंडी जिना. घरात मी, नवरा आणि सासूबाई. नवरा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. त्या अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. माझं माहेर मोडनिंबजवळ, तिकडं सगळं मराठीच. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण माझं कानडी 'जेवलात का' आणि 'पाणी आणू का' यांच्या पुढं गेलं नव्हतं.

बाळ घरी आलं आणि मी घराचा दवाखाना केला. दारातच साबण आणि पाण्याची बादली. कुणी शिंकलं तर त्यानं चार दिवस दुसऱ्या खोलीत झोपायचं. अव्वा देवळातून आल्या की त्यांनी लुगडं बदलायचं. त्या बिचाऱ्या बदलायच्या. बारसं आम्ही तिघांनीच केलं, पाळणाही मीच म्हटला, तोंडाला मास्क लावून.

माझ्या आईनं बाळाला पाहिलं नव्हतं. बाळ होण्याच्या पंधरा दिवस आधी ती गोठ्यात शेणावरून घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. सळी घातली, पण हाड काही नीट जुळलं नाही. वॉकर धरून ती कशीबशी उंबऱ्यापर्यंत यायची. एसटीची पायरी तिला चढता येत नव्हती, तर आमचा जिना कुठून चढणार? म्हणजे आई येऊ शकत नव्हती आणि बाळाला मी नेणार नव्हते. राहिले आबा, माझे वडील.

आबा एक रविवार सोडून यायचे. सकाळी सव्वासातला घर सोडायचं, हायवेवर येऊन मिळेल ती सोलापूरची गाडी धरायची आणि साडेनऊपर्यंत आमच्या दारात. एका पिशवीत आईनं दिलेलं काहीबाही असायचं, दुसऱ्या पिशवीत धुऊन घडी केलेला पांढरा सदरा. आल्या आल्या ते मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगातला सदरा काढून हा धुतलेला घालायचे आणि मगच बाळाजवळ यायचे. मी फक्त हात धुवा म्हणाले होते. सदऱ्याची भर त्यांनीच घातली होती. दोन तास बाळाला मांडीवर घेऊन बसायचे. परत गेल्यावर आईला आपला हात पुढं करून मनगटापासून कोपरापर्यंत मोजून दाखवायचे, "येवडा झालाय आता." आई मला हे फोनवर सांगायची आणि हसायची. दोघांचेही फोन साधे, बटणांचे. फोटो पाठवायचीही सोय नव्हती.

मी आबांना आणखी एक सांगितलं होतं. स्टँडवर उतरलं की चहाबरोबर भजी नाहीतर पाव खायची त्यांना सवय होती. मी म्हणाले, "आबा, तिथलं काही खाऊन येत जाऊ नका. सगळीकडं माश्या घोंगावत असतात. तुमचं पोट बिघडलं तर ते सगळं आपल्या घरात येतं."

"बरं. न्हाय खात," आबा म्हणाले.

आबांना साखरेचा आजार आहे. सकाळी उठल्या उठल्या गोळी. गोळी घेतली की थोड्या वेळात पोटात काहीतरी जायला हवं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. घरून खाऊन निघत असतील असं मी धरून चालले. पण आई आता गॅसपाशी उभी राहू शकत नाही, मग सात वाजता त्यांना करून कोण घालणार? हे दोन्ही मला माहीत होतं. ते एकमेकांशेजारी ठेवून मी कधी बघितलं नाही.

आणि एक गोष्ट मी लपवून ठेवली होती. तीन महिन्यांच्या लशीला गेलो तेव्हा नवरा बाहेर मोटरसायकल लावत होता, अव्वा घरी होत्या. डॉक्टरांनी बाळाला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "मस्त वाढलाय. आता आजोळी न्यायला काही हरकत नाही. फार उन्हातून नेऊ नका, बस्स." बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "वजन वाढलंय म्हणाले." एवढंच. खोटं बोलले नाही, असं मी मनाला समजावलं.

नंतर नवऱ्यानं दोनतीनदा विषय काढला. "एक गाडी करू, सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. तुझ्या आईच्या मांडीवर एकदा पोर ठेवू."

"अजून लहान आहे तो," मी म्हणायची.

एकदा अव्वा भाकरी थापता थापता मध्येच बोलल्या, "म्हातारा माणूस येतंय की दर वेळी. त्यालाच काय झालं तर?"

मला राग आला. मी म्हटलं, "आबांना सवय आहे प्रवासाची."

बाळ पाच महिन्यांचं झालं आणि चैत्र लागला. सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यात शिरायला लागलं. त्या रविवारी नवऱ्याची सुट्टी दुसऱ्याबरोबर बदलली होती, तो कारखान्यात गेला होता. साडेनऊ वाजले, आबा आले नाहीत. गाडीला उशीर झाला असेल म्हणून मी बाळाला अंघोळ घातली. दहा वाजले. मी फोन लावला. बेल वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला तर फोन बंद.

आईला फोन केला. आवाज साधा ठेवून विचारलं, "आबा निघाले का गं?"

"आगं, सव्वासातालाच गेले की! पोचले न्हाईत?"

"येतील. गाडी मिळाली नसेल लवकर."

"तिकडं पोचले की फोन कर मला. इसरलीस तर बग."

सव्वादहा, साडेदहा. मी सज्जात उभी राहून गल्लीच्या टोकाकडं बघत होते. पांढरी टोपी दिसली की जीव वर यायचा आणि माणूस जवळ आला की खाली जायचा. हायवेवर काही झालं असेल का, हे मनात आलं आणि मग दुसरं काही मनात येईना. रस्ता ओलांडताना. गाडीत चढताना. मी फोनवर अपघाताच्या बातम्या शोधायला लागले.

अव्वांनी बाळ माझ्याकडून काढून घेतलं. "जा, स्टँडवर बघून ये. मी आहे की."

जन्मल्यापासून बाळाला सोडून मी दुधाची पिशवी आणायलाही खाली गेले नव्हते. त्या दिवशी मी चप्पल घातली आणि जिना उतरले.

रविवार असूनही स्टँड गच्च भरलं होतं. मी प्रत्येक फलाट बघितला, प्रत्येक बाकडं बघितलं. चौकशीच्या खिडकीवर सांगितलं, "सत्तरीचे गृहस्थ आहेत, पांढरी टोपी, हातात दोन पिशव्या." खिडकीतल्या बाईंनी चांगुलपणानं दोनदा पुकारा केला. वडिलांचं नाव त्या कर्ण्यातून घुमलं. तसा पुकारा हरवलेल्या पोरांचा करतात. पुरुषांच्या मुतारीत झाडूवाल्या मामांना पाठवलं. ते बाहेर येऊन मान हलवून म्हणाले, "न्हाईत, ताई." एका कोपऱ्यात माणसं गोळा झालेली दिसली. मी तिकडं पळाले, लोकांना ढकलत आत घुसले. बॅग कुणाची यावरून दोघांचं भांडण चाललं होतं.

त्या घोळक्यातच माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

पलीकडून एक बाई बोलायला लागली, भरभर, मोठ्या आवाजात, कानडीत. मी "कोण? कोण बोलतंय?" म्हणत राहिले, ती तिच्या भाषेत सांगत राहिली. माझ्या कानाला दोनच शब्द लागले. एक 'सक्री'. सक्री म्हणजे साखर, तेवढं मला येत होतं. दुसरा 'बिद्दार'. बाळाच्या हातातून खुळखुळा पडला की अव्वा 'बिद्द' म्हणायच्या. बिद्दार म्हणजे माणूस पडला. मोठा माणूस.

आणि फोन कट झाला. मी लावला तर रेंजच्या बाहेर.

रिक्षात बसले तेव्हा माझ्या तोंडातून पत्ताही नीट निघत नव्हता. "तुम्हाला कानडी येतं का?" मी रिक्षावाल्याला विचारलं. तो मागं वळून म्हणाला, "नै बाजी, मेरेकू नै आती. क्या हुआ?" घर येईपर्यंत ते दोन शब्द मी पुन्हा पुन्हा जोडून बघत होते. साखर आणि पडले. साखर वाढली, की कमी झाली? पडले, की पडून गेले? आणि मग एकदम लख्ख कळलं. उपाशी. गोळी घेऊन उपाशी निघाले असणार, आणि स्टँडवर खाऊ नका हे मीच सांगितलेलं. रोज दुसऱ्यांची साखर मोजणारी मी.

जिना मी कसा चढले ते आठवत नाही. अव्वांच्या हातात फोन दिला. चौथ्या वेळी लागला.

"हां, हेळ्री," अव्वा म्हणाल्या. सांगा. मग ऐकत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. आयुष्यात कुणाचा चेहरा मी इतका निरखून पाहिला नसेल. त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग सुटली, मग परत पडली. "एल्लि अदार?" त्यांनी विचारलं. कुठं आहेत. परत ऐकलं. मी त्यांचा पदर धरून ओढला.

फोनवर हात ठेवून अव्वा म्हणाल्या, "जीव आहे. हेदरब्याड. घाबरू नको. अक्कलकोटच्या पुढं एका फाट्यावर आहेत. त्या बाईचं चहाचं दुकान आहे तिथं. दुकानासमोरच पडले म्हणती. कपाळाला लागलंय. घाम लई येतोय, बोलणं उलटसुलट चाललंय."

"घोट गिळता येतो का विचारा!"

अव्वांनी विचारलं. "येतो म्हणती. अर्धा कप चहा दिलाय."

"मग आधी साखर द्या म्हणावं. चमचाभर नाही, चांगले तीनचार चमचे, पाण्यात घोळून. थोडी थोडी. नंतर बिस्किटं, भाकरी, जे असेल ते खायला घाला. झोपू देऊ नका."

मी मराठीत सांगत होते, अव्वा कानडीत, आणि पन्नास किलोमीटरवरची ती बाई तसं करत होती. दर थोड्या वेळानं अव्वा मला सांगायच्या, "प्याले... आता बसलेत... टोपी कुठं म्हणून विचारतायत." टोपी विचारली म्हटल्यावर मी खाली जमिनीवरच बसले.

नवऱ्याला फोन केला. वीस मिनिटांत तो कुणाची तरी गाडी मागून घेऊन खाली आला. आणि मग दारात आम्ही तिघं उभे राहिलो, कुणी जायचं ते ठरेना.

"मी आणि अव्वा जातो," नवरा म्हणाला. "तिथं बोलायला अव्वा पाहिजे. तू बाळाला घेऊन थांब."

"मी थांबू शकत नाही इथं."

"मग बाळ?"

मी अव्वांकडं बघितलं. त्यांच्याशिवाय तिकडं चालणार नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय बाळ कुणाजवळ ठेवायचं? बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. लशीच्या फेऱ्या सोडल्या तर पाच महिने मी ज्याला खालच्या अंगणाचा वारा लागू दिला नव्हता, त्या पोराला अक्कलकोटच्या पुढं, भर बारा वाजता, दुसऱ्याच्या गाडीतून.

"घे त्याला," अव्वा म्हणाल्या. "टोपडं घाल आणि चल."

सगळ्या रस्त्यात मी बाळाच्या छातीवर हात ठेवून बसले होते. गाडीतला एसी नीट चालत नव्हता. मध्येच गरम वारा यायचा आणि मला वाटायचं, पोर तापलं. ओल्या रुमालानं मी त्याचे पाय पुसत होते. एका बाजूला बाप, एका बाजूला लेकरू. यातलं एक वाचवायला जाताना दुसरं घालवून बसते की काय, असं वाटत होतं. नवऱ्याला मी म्हणायची, "जोरात घ्या." लगेच म्हणायची, "एवढ्या जोरात नको." तो बिचारा दोन्ही ऐकायचा.

मध्ये आईचा फोन आला. मी तो वाजू दिला. परत आला. तिसऱ्यांदा उचलला.

"आबा आलेत, आई. जेवून झोपलेत," मी म्हणाले.

मग आई म्हणाली, "गाडीचा हॉर्न ऐकू येतोय मला. खोटं बोलू नगंस. हायत का न्हाईत, तेवडं सांग."

"आहेत गं. आहेत. साखर कमी झाली होती. आम्ही आणायला निघालोय."

"आन् बाळ कुटं हाय?"

"माझ्याजवळ."

तिनं फोन ठेवला. नंतर तिनं सांगितलं की ती तशीच वॉकरला धरून भिंतीपाशी उभी राहिली होती. बसायचं कसं तेच सुचत नव्हतं.

फाट्यावर पत्र्याचं दुकान होतं, पुढं लिंबाची सावली, सावलीत बाज. बाजेवर आबा बसलेले. कपाळाला चिंधी बांधलेली, सदऱ्यावर रक्ताचे डाग, हातात अर्धी भाकरी. मला बघून त्यांनी भाकरी खाली ठेवली. मी जवळ जायच्या आत ते ओरडले, "बाळाला कशाला आणलंस उन्हाचं? अक्कल हाय का न्हाय!"

ते शब्द ऐकले आणि मी मोठ्यानं रडले. डोकं ठिकाणावर असल्याशिवाय माणूस असं रागवत नाही.

झालं होतं ते असं. सोलापूरची गाडी वेळेवर आली नाही म्हणून ते पुढं कर्नाटकात जाणाऱ्या गाडीत बसले. माढ्याचा फाटा गेल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली, अंगाला घाम सुटला. झोप येतेय असं वाटून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. सोलापूर आलं, लोक उतरले, चढले, म्हातारा माणूस झोपलाय म्हणून कुणी हलवलं नाही. अक्कलकोट सोडल्यावर कंडक्टरनं तिकीट बघितलं तेव्हा कळलं. त्यानं परतीची गाडी मिळेल अशा फाट्यावर उतरवलं. उतरून चार पावलं चालले आणि पडले. फोनची बॅटरी संपलेली होती. सदऱ्याच्या खिशात आईनं घातलेली चिठ्ठी होती, तिच्यावर माझा नंबर.

आबांनी बाळाला हात लावला नाही. "कापडं घाण झाल्यात," म्हणाले. पिशवी शोधली, तर ती गाडीतच राहिलेली. मी बाळ सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. रक्ताच्या डागांवर. त्या दुकानातल्या बाईनं पिठाच्या हातानं बाळाचा गाल कुरवाळला आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मी तिचे हात धरले. मला तिच्या भाषेत आभार कसे मानायचे ते येत नव्हतं. अव्वांनी मानले असतील. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या.

सोलापूरला दवाखान्यात दोन टाके घातले, एक रात्र ठेवून घेतलं, गोळीचा डोस कमी केला. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं?" आबा म्हणाले, "काय न्हाय." "का?" आबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "भूक नव्हती."

तिसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडायला आम्ही सगळे गेलो. बाळाला नेऊ की नको हे मला कुणी विचारलं नाही, मीच त्याला टोपडं घातलं. आई दारात वॉकर धरून उभी होती. आबांच्या कपाळावरची पट्टी तिनं बोटानं चाचपून बघितली. मग माझ्याकडं वळली. मी बाळ पुढं केलं तर ती मागं सरकली.

"थांब. हात धुती आदी."

"धुतलेस की मगाशी," आबा म्हणाले.

"परत धुती." तिनं परत धुतले, साबणानं, कोपरापर्यंत, आबांनी शिकवल्यासारखे. खाटेवर बसली, मांडीवर स्वच्छ पंचा पसरला, आणि बाळ मांडीवर आल्यावर बराच वेळ हात अधांतरी धरून बसली. "मोडंल का गं काय त्येचं?" असं तिनं मला विचारलं. गावातली सहा बाळंतपणं निस्तरलेल्या बाईनं.

त्याच संध्याकाळी आम्ही परतलो. चौथ्या दिवशी दुपारी बाळाला ताप आला. नाक वाहायला लागलं, दूध ओढेना. मनात मी सगळ्यांवर खटला भरला: ती उसनी गाडी, पिठाचे हात, गोठा, मी स्वतः. डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, साधी सर्दी आहे, घरात बसलेल्या पोरांनाही होते, पण दूध अजिबात बंद केलं किंवा श्वास जोरात चालला तर लगेच आणा. पुढचे दोन दिवस मी पुन्हा त्या स्टुलावर बसल्यासारखी बसले होते, श्वास मोजत.

आईचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं. ती रडायला लागली. "माज्यामुळं झालं. मीच लई जीव टाकीत हुते. आता नगं आणू त्याला हिकडं. मोठा झाला की मंग बगीन. मी फोटो बगीन शेजारणीच्या फोनात."

तिच्या तोंडून माझंच बोलणं ऐकत होते मी. भीती अशी माझ्याकडून तिच्याकडं गेली होती.

"आई," मी म्हटलं, "डॉक्टरनी त्याला न्यायला कधीच परवानगी दिली होती. तीन महिन्यांचा होता तेव्हाच. मी कुणाला सांगितलं नाही."

शेजारी नवरा बाळाला औषध पाजत होता, त्याचा हात थांबला. त्यालाही मी हे पहिल्यांदाच सांगत होते.

"का गं?" आईनं विचारलं.

"भ्या वाटलं."

माहेरची भाषा तोंडात आली. आई म्हणाली, "मला बी वाटलं असतं." आणि नंतर, जरा कोरड्या आवाजात, "पर सांगायला पायजे हुतं."

नवरा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. अव्वा म्हणाल्या, "दोघांनी भांडून घ्या एकदाच, मग ठरवा." भांडलो. ठरलं ते असं: महिन्यातून एकदा आम्ही जायचं, बाळाला घेऊन, उजाडताना निघून ऊन चढायच्या आत पोचायचं. एकदा आबा येतील, पण पोटभर खाऊन, आणि नवरा त्यांना स्टँडवर घ्यायला जाईल. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती "बगू" म्हणाली. आबांनी मागून, "बगू काय, येऊ दे की!" असं म्हटलेलं ऐकू आलं.

पुढच्या महिन्यात निघालो. बाळाची सर्दी कधीच बरी झाली होती. टोल नाक्याच्या अलीकडं त्यानं सगळं दूध ओकून टाकलं, माझ्या अंगावर, सीटवर. गाडी बाजूला घेतली. मी त्याला पुसत होते, ओठ निळे तर नाहीत ना, बघत होते. ट्रक शेजारून धडधडत जात होते. नवऱ्यानं आरशातून विचारलं, "मागं फिरू?"

मागं फिरावं असंच मला वाटत होतं. बाळानं एक जांभई दिली आणि माझ्या बांगडीशी खेळायला लागलं. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबू. मग पुढं घ्या."

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. कपडे बदलले, त्याला पाजलं, परत ओकतो का बघितलं. या सगळ्यात फोन पर्समध्ये तळाशी गेला होता.

पोचलो तेव्हा आई घरात नव्हती. घरापासून रस्त्यापर्यंतची कच्ची वाट ती वॉकर रेटत आली होती आणि फाट्याजवळच्या दगडावर बसली होती, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. आबा शेजारी उभे, हायवेकडं तोंड करून. आमची गाडी दिसल्यावर आईनं उठायचा प्रयत्न केला, तिला उठता येईना.

"फोन का उचलत न्हाईस गं?" ती ओरडली. "अकरा येळा लावला. अकरा येळा!"

मी बाळाला घेऊन खाली उतरले आणि तिथंच, त्या दगडावर, तिच्या मांडीवर दिलं. तिनं हात धुवायचं नाव काढलं नाही.